रखडलेला रस्ता, गतिरोधक आणि दोन कार्यालयांमध्ये फिरणारे पत्र

आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वतीने आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विकास आराखड्यातील १८ मीटर रुंदीचा रस्ता आपल्या भागात दोन्ही टोकांकडून तयार झाला आहे, परंतु मधला सुमारे ३०० मीटरचा तुकडा अकरा वर्षांपासून झालेला नाही, आणि त्यामुळे सगळी वाहतूक आपल्या वसाहतीतल्या ९ मीटरच्या रस्त्यावरून जाते. गतिरोधक आणि सिग्नल यांसाठी केलेल्या अर्जांवर महापालिका वाहतूक पोलिसांकडे बोट दाखवते, तर पोलीस महापालिकेकडे. त्यातच हिवाळ्यात डांबरीकरण झालेला रस्ता दोन महिन्यांत पुन्हा खोदला गेला. अशा स्थितीत नागरिकांनी कोणाकडे आणि नेमके काय मागावे, असे आपण विचारले आहे.

मी राज्यातील एका महापालिकेच्या पथ विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो आणि कार्यकारी अभियंता या पदावरून निवृत्त झालो. आपल्यासारखी शेकडो पत्रे माझ्या टेबलावर आली आणि त्यातील बऱ्याच पत्रांना मीही ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असे उत्तर पाठवले, हे आधीच कबूल करतो. काही वेळा त्यामागे आमचा आळस होता. पण बहुतेक वेळा पत्रात जे मागितलेले असे, ते देण्याचा अधिकार माझ्या टेबलाला नसे, आणि ज्या टेबलाला तो असे तिथपर्यंत ते पत्र कधी पोहोचतच नसे. म्हणून ‘रस्ता पूर्ण करावा’ अशी मागणी पुन्हा एकदा करण्याआधी तो रस्ता कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या टप्प्यावर अडला आहे, हे शोधून काढावे, असे माझे पहिले सांगणे आहे.

विकास आराखड्यातील रस्ता असा तुकड्यातुकड्याने का होतो, हे बाहेरच्या माणसाला कोडेच वाटते. आराखड्यात रस्त्याची रेघ ओढली गेली म्हणजे ती जमीन महापालिकेची झाली, असे होत नाही. एखादा विकसक त्या जमिनीवर बांधकामाची परवानगी घेतो, तेव्हा त्याच्या भूखंडातून जाणारी रस्त्याची पट्टी तो महापालिकेला देतो आणि तिच्या मोबदल्यात चटईक्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर जादा बांधकामाची परवानगी, किंवा दुसरीकडे वापरता वा विकता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर, घेतो. ज्या शेजाऱ्याने अजून बांधकाम काढलेले नाही, त्याची पट्टी त्याच्याच ताब्यात राहते. परिणामी रस्ते वाहतुकीच्या गरजेच्या क्रमाने न होता बांधकाम परवानग्यांच्या क्रमाने होतात, आणि दोन मोठ्या गृहप्रकल्पांच्या मध्ये एक पत्र्याचे कुंपण, चार आंब्याची झाडे आणि ‘ही जागा खासगी मालकीची आहे’ अशी पाटी उरते. आपल्याकडचे ३०० मीटर बहुधा याच जातीचे आहेत.

अशी जमीन मिळवण्याचे मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये दिले आहेत : वाटाघाटीने रक्कम देऊन, टीडीआर किंवा चटईक्षेत्र देऊन, किंवा राज्य शासनाकडे प्रस्ताव पाठवून सक्तीने भूसंपादन करून. महापालिकेला दुसरा मार्ग आवडतो, कारण त्यात तिजोरीतून पैसा जात नाही. मालकाला मात्र तो नेहमीच आवडतो असे नाही. टीडीआर हा बाजारात विकायचा माल आहे आणि त्याचा भाव बांधकाम व्यवसायाच्या तेजीमंदीवर हलतो. ज्या शेतकरी कुटुंबात सातबाऱ्यावर चौदा वारसांची नावे आहेत, त्यांना टीडीआरच्या प्रमाणपत्रापेक्षा रोख रक्कम वाटून घेणे सोपे जाते. रोख मोबदला द्यायचा झाला, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्याच्या जोडीला तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे शहरी जमिनीचा खर्च मुळातच दुप्पट होतो. तीनशे मीटर लांब आणि अठरा मीटर रुंद म्हणजे ५,४०० चौरस मीटर जागा. आपल्या भागातील वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे रेडीरेकनरमधील, दराने या क्षेत्राला गुणून त्याची दुप्पट करावी. जो आकडा येईल, त्याच्यापुढे खडी, डांबर आणि पावसाळी गटार यांचा खर्च किरकोळ वाटेल. फाइल अडते ती या आकड्यापाशी.

याचे मोठे आणि सर्वज्ञात उदाहरण पुण्याच्या कात्रज–कोंढवा रस्त्याचे आहे. मुंबई–बंगळूर महामार्गाकडची अवजड वाहतूक सोलापूर रस्त्याकडे नेणारा हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा पट्टा ८४ मीटर रुंद करण्याचे ठरले आणि २०१८ मध्ये कामाचा प्रारंभही झाला. परंतु तेव्हा बहुतांश जागा ताब्यात नव्हती. मालकांना टीडीआरऐवजी रोख मोबदला हवा होता आणि तो देण्याइतका पैसा महापालिकेकडे नव्हता. अखेर काही वर्षे गेल्यावर प्रथम ५० मीटर रुंदीचाच रस्ता करावा, असे ठरले आणि भूसंपादनासाठी राज्य शासनाकडून निधी घ्यावा लागला. मधल्या काळात त्या रस्त्यावर किती माणसे दगावली, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. जागा ताब्यात येण्यापूर्वी कार्यादेश देण्याचा मोह अधिकारी आणि लोकप्रतिनिधी या दोघांनाही होतो, कारण भूमिपूजन करता येते, भूसंपादनपूजन करता येत नाही. ठेकेदाराला मात्र मोकळी जागा मिळत नाही. त्याची यंत्रसामग्री उभी राहते, मुदतवाढ आणि भाववाढ यांची मागणी येते, आणि मूळ अंदाजपत्रकाचा अर्थच उरत नाही.

त्याच अधिनियमातील कलम १२७ कडे आपण अवश्य लक्ष द्यावे, कारण तिथे आपला रस्ता कायमचा हातचा जाण्याची शक्यता आहे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक महापालिकेला खरेदी सूचना, म्हणजे जमीन संपादन करण्याची लेखी नोटीस, देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन किंवा संपादनाची ठोस पावले झाली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे त्या जमिनीवरची रस्त्याची रेघ रद्द होते. नुसता ठराव करून किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवून ‘पावले उचलली’ असे म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्येच स्पष्ट केले आहे. आपल्या ३०० मीटरसाठी अशी सूचना आली आहे का, आली असल्यास कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर काय झाले, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात विचारण्यासारखे आहेत. मी हे उगाच सुचवत नाही. माझ्या नोकरीत एक खरेदी सूचना दोन विभागांच्या आवक नोंदवहीत फिरत राहिली, आणि ती कोणी हाताळायची याचा वाद मिटला तेव्हा मुदतीतले जेमतेम दोन महिने उरले होते.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा पाळावी लागते. त्यामुळे ‘रस्ता का झाला नाही’ असा प्रश्न विचारून अर्ज वाया घालवू नये. ‘का’ या शब्दाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. मागावे ते असे : या तुकड्यातील प्रत्येक सर्व्हे क्रमांकाच्या भूसंपादनाची सद्यःस्थिती, संयुक्त मोजणीचा नकाशा, ताबा पावत्यांच्या प्रती, आणि मालकांशी झालेल्या वाटाघाटींच्या बैठकांची इतिवृत्ते. अर्ज पथ विभागाकडे न करता भूसंपादन किंवा मालमत्ता विभागाकडे करावा. बरेचदा असे दिसेल की ३०० मीटरपैकी २४० मीटर जागा आधीच ताब्यात आहे आणि अडचण केवळ एका मालकाची आहे. किंवा संपूर्ण लांबीत अर्धी रुंदी मिळालेली आहे. दुसरी स्थिती असेल, तर आपण पूर्ण रस्त्याचा हट्ट धरू नये. मिळालेल्या ९ मीटर रुंदीत दोन पदरी रस्ता आधी करून द्यावा आणि उरलेली रुंदी संपादनानंतर जोडावी, अशी लेखी मागणी करावी. आम्ही एके ठिकाणी असे केले होते. सल्लागाराला तो रस्ता वाकडा दिसत होता, पण वाहतूक सहा महिन्यांत त्याच्यावर वळली आणि राहिलेल्या मालकाची वाटाघाटीतली अडवणुकीची ताकदही कमी झाली.

आता आपल्या वसाहतीतील ९ मीटरच्या रस्त्याविषयी. तो मंजूर अभिन्यासातील, म्हणजे लेआउटमधील अंतर्गत रस्ता असेल आणि महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो अजून आपलाच आहे, आणि त्यावर खर्च करताना लेखापरीक्षक आक्षेप घेतील, अशी भीती अभियंत्याला असते. आपल्या अर्जांना मिळालेल्या गोलमाल उत्तरांचे हेही एक कारण असू शकते. हस्तांतरणाचा दस्त झाला आहे का, हे संस्थेच्या जुन्या कागदपत्रांत पाहावे. झाला नसेल, तर हस्तांतर करावे की नाही, हा निर्णय सर्वसाधारण सभेत विचारपूर्वक घ्यावा. कारण हस्तांतरानंतर तो सार्वजनिक रस्ता होतो आणि पुढे कोणत्याही कारणाने त्याला फाटक लावता येत नाही.

गतिरोधकाची मागणी ही माझ्या अनुभवात सर्वाधिक येणारी आणि सर्वाधिक फसणारी मागणी आहे. एका शाळेजवळ अपघातात एक मुलगा दगावला, संध्याकाळी जमाव जमला, आणि वरून आलेल्या सूचनेप्रमाणे आम्ही त्याच रात्री शिल्लक डांबराचा एक उंचवटा उठवला. त्याला ना पट्टे मारले होते, ना अलीकडे फलक लावला होता. तीन आठवड्यांत त्यावरून दुचाकीवर मागे बसलेल्या एक आजी उडून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. तो उंचवटा आम्हीच उखडला. भारतीय रस्ते काँग्रेस (इंडियन रोड्स काँग्रेस) या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. मोटार त्यावरून हळू नेल्यास धक्का जाणवत नाही. आपल्या गल्लीबोळांत दिसणारे हातभर रुंद आणि वीतभर उंच ‘गतिरोधक’ या मानकात कुठेच बसत नाहीत. त्यांच्यामुळे वाहन थांबते, पुन्हा जोरात सुटते, आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला प्रत्येक उंचवटा सोसावा लागतो. त्या शाळेपाशी पुढे आम्ही पदपथाच्या पातळीचा उंच पादचारी मार्ग केला आणि कोपऱ्यावरची वळणाची त्रिज्या कमी केली, म्हणजे वळणारी गाडी आपोआप हळू होईल अशी रचना केली. ती टिकली. तेव्हा ‘गतिरोधक बसवावा’ असे लिहिण्याऐवजी कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने येणारी वाहने कोणाला धोका निर्माण करतात, हे लिहावे आणि उपाय काय असावा हे तपासणीवर सोडावे. मानकात न बसणारा उपाय मागितला की तो नाकारणे सोपे होते. समस्या नोंदवली की ती नाकारण्यासाठी जागेवर जाऊन पाहावे लागते.

पोलीस आणि महापालिका यांच्यातील टोलवाटोलवीला काही प्रमाणात कायदेशीर आधार आहे, हे मान्य करावे लागेल. एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी, वाहने उभी करण्यास मनाई यांसारखे निर्बंध मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली घातले जातात आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत त्यांचे आदेश वाहतूक शाखेचे उपायुक्त काढतात. रस्त्याची रचना, दुभाजक, पट्टे, फलक आणि सिग्नलची उभारणी हे काम महापालिकेचे. त्यातही सिग्नलचा खांब आणि दिवे अनेक ठिकाणी विद्युत विभागाकडे असतात, पथ विभागाकडे नसतात. त्यामुळे आपण एकच सर्वसमावेशक पत्र दोन्हीकडे पाठवले, तर प्रत्येकाला त्यातला दुसऱ्याचा भाग दिसतो. दोन स्वतंत्र पत्रे करावीत. पोलिसांना फक्त एवढेच लिहावे की आपल्या ९ मीटर रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ अवजड वाहनांना बंदी घालणारा तात्पुरता आदेश काढून त्यावर हरकती-सूचना मागवाव्यात. महापालिकेला फक्त रचनेविषयी लिहावे. शेवटी दोन्ही पत्रांत दोघांच्या संयुक्त पाहणीची मागणी करावी आणि पाहणी झालीच, तर जागेवरच इतिवृत्त लिहून दोघांच्या सह्या घेतल्याखेरीज त्यांना सोडू नये. चहा मात्र द्यावा. उन्हात उभे राहून काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला तो क्वचितच कोणी विचारतो.

सिग्नलसाठी वाहनसंख्या लागते. मानकात दिवसातील आठ तासांच्या सरासरीचा विचार होतो, म्हणजे केवळ सकाळी अर्धा तास होणारी कोंडी पुरेशी ठरत नाही. ही मोजणी रहिवासी स्वतः करू शकतात. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडावा, शाळांची सुट्टी आणि सण टाळावेत, प्रत्येक पंधरा मिनिटांची वेगळी ओळ करावी आणि दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, मालमोटार असे वेगळे रकाने ठेवावेत. अभियंता पुढे त्यांचे एका एककात रूपांतर करतो; त्यात दुचाकी साधारण अर्ध्या ते पाऊण मोटारीएवढी धरली जाते. तुमचे आकडे अंतिम मानले जाणार नाहीत, परंतु ते जोडलेले पत्र ‘अभिप्रायार्थ’ खाली पाठवून विसरून जाता येत नाही. विभागाला स्वतःची मोजणी करावी लागते. पादचाऱ्यांची मोजणीही त्यातच करावी. ती आम्ही कधी करत नसू, आणि त्यामुळे आमच्या आराखड्यांत पायी चालणारा माणूस नसायचा.

अपघातांच्या बाबतीत एक अप्रिय गोष्ट सांगतो. जो अपघात पोलीस ठाण्यात नोंदला गेला नाही, तो शासनाच्या दृष्टीने घडलेलाच नाही. राष्ट्रीय महामार्गांवर ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातप्रवण ठिकाण, ठरवण्यासाठी सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, असा निकष आहे. आपल्या रस्त्यावर पोरे पडून गुडघे फुटले, हे त्यात कुठेच येणार नाही. म्हणून किरकोळ अपघाताचीही ठाण्यात नोंद करून घ्यावी, आणि संस्थेने तारीख, वेळ, ठिकाण आणि वाहनाचा प्रकार असलेली स्वतःची वही ठेवावी. आपली वसाहत महामार्गाजवळ असेल, तर मुख्य मार्ग आणि सेवारस्ता यांची मालकी कोणाकडे आहे, हेही तपासावे. पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एकाच अपघातात ४८ वाहनांचे नुकसान झाले. तो राष्ट्रीय महामार्ग असल्याने उतार, सेवारस्ता, अतिक्रमणे आणि वाहतूक नियमन यांसाठी वेगवेगळ्या यंत्रणांना एकत्र बसवावे लागले. अशा जागेसाठी नुसत्या महापालिकेकडे अर्ज करणे म्हणजे अर्धेच दार ठोठावणे होय. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे विषय नेणे तिथे अधिक उपयोगी पडते.

खोदाईबाबत फार लिहीत नाही, कारण त्यात गूढ काही नाही. पाणी, मलनिस्सारण, वीज आणि दूरसंचार यांच्या कामांचे वेळापत्रक पथ विभागाला मिळत नाही, आणि मिळाले तरी मार्चअखेर निधी संपवण्याची घाई त्यावर मात करते. नव्या डांबरावर चर खणला गेला की मूळ ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, व्यवहारात संपतो. नंतर खड्डा पडला तर ठेकेदार ‘चर बुजवणाऱ्याचा दोष’ म्हणतो आणि चर बुजवणारा ‘रस्ताच कच्चा होता’ असे म्हणतो. आपण खोदाई परवान्याची प्रत, पुनर्भरणाचे शुल्क भरल्याची पावती आणि मूळ कामाच्या दोषदायित्वाची अंतिम तारीख, एवढे तीन कागद मागावेत. खड्ड्यामुळे इजा झाली असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशाचा आधार घ्यावा. त्यात खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरवून दिली आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. बहुतेक संस्था पावसाळ्यात पत्रे लिहितात, कारण त्रास तेव्हा होतो. खात्यांकडून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी मागण्या मात्र साधारण दिवाळीच्या आसपास घेतल्या जातात, आणि जे काम त्या यादीत नाही, त्याला पुढे निधी मिळवायचा तर दुसऱ्या एखाद्या कामाच्या तरतुदीचे वर्गीकरण करून घ्यावे लागते, म्हणजे कोणाचा तरी हक्काचा पैसा काढून घ्यावा लागतो. नगरसेवकाच्या प्रभागनिधीतून पेव्हर ब्लॉक आणि फलक होऊ शकतात; भूसंपादन होऊ शकत नाही, ते महापालिकेच्या मुख्य अंदाजपत्रकातच असावे लागते. तेव्हा या सप्टेंबरपर्यंत माहिती अधिकारातून सर्व्हे क्रमांकनिहाय स्थिती हाती घ्यावी, ऑक्टोबरमध्ये भूसंपादन विभाग आणि पथ विभागाचे अधीक्षक अभियंता यांना त्या क्रमांकांसह पत्र द्यावे, आणि ‘मिळालेल्या रुंदीत दोन पदरी रस्ता’ या शीर्षकाचे स्वतंत्र काम अंदाजपत्रकात सुचवण्यास सांगावे. त्या पत्रासोबत आपली वाहनमोजणी, अपघातांची वही आणि संयुक्त पाहणीचे इतिवृत्त जोडावे. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख नीट उमटली आहे ना, हे खिडकीपाशीच पाहून घ्यावे.